सपाट आलेख आणि बहिरेपणाची भीती

टिंपॅनोमेट्रीच्या कागदावर 'टाइप ए' (नेहमीचा आलेख) दिसलं की घरचे निर्धास्त होतात, 'टाइप बी' (सपाट आलेख) दिसलं की मूल बहिरं होणार म्हणून धास्तावतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: ही ऐकण्याची तपासणी आहे. ती ऐकणं मोजतच नाही. कानात रबरी टोक घट्ट बसवून साधारणपणे २२६ हर्ट्‌झचा स्वर सोडतात, आतल्या हवेचा दाब कमीजास्त करतात आणि कानाचा पडदा किती सहज हलतो ते यंत्र आलेखावर नोंदवतं; तो सर्वांत सहज हलतो तिथे आलेखाला शिखर येतं. रुग्णाला काही सांगावं लागत नाही, त्यामुळे झोपलेल्या बाळाचीही तपासणी होते.

मग ती करायचीच कशाला? ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, हाडातून पोचणारा आवाज नीट आणि हवेतून येणारा कमी ऐकू आला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे एवढं कळतं. तो नेमका कशाचा, हे कळत नाही. तिथे हा आलेख कामी येतो. शिखर ऋण दाबाकडे सरकलेलं असेल, तर मधल्या कानात हवा खेळती ठेवणारी नळी नीट उघडत नसावी. शिखर फार उंच असेल, तर हाडांची साखळी निखळल्याची शंका येते. आलेख सपाट असेल, तर शेजारी छापलेला कानाच्या पोकळीच्या आकारमानाचा आकडा पाहायलाच हवा, आणि नेमका तोच घरी कुणी वाचत नाही. आकडा नेहमीएवढा असेल तर पडद्यामागे पाणी असण्याची शक्यता, फार मोठा असेल तर पडद्याला छिद्र किंवा ग्रोमेट (पडद्यात बसवलेली बारीक नळी), फार लहान असेल तर मळ किंवा भिंतीला टेकलेलं टोक. एकाच 'टाइप बी'मागे इतकी वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. मुलांच्या कानातलं पाणी तर पुष्कळदा तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं. तोवर लक्ष ठेवून पुन्हा तपासणं हाही उपचारच आहे.

आलेख चांगला आला म्हणजे कान चांगला, हा समज मला अधिक घातक वाटतो. वयामुळे किंवा गोंगाटामुळे ऐकणं कमी होतं तेव्हा बिघाड आतल्या कानात असतो, पडदा व्यवस्थित हलतो आणि आलेख 'टाइप ए' येतो. ऑटोस्क्लेरोसिसमध्ये रिकिबीचं हाड जखडलं, तरी शिखर नेहमीच्या मर्यादेत राहू शकतं; तिथे मोठ्या आवाजाला कानातल्या स्नायूची प्रतिक्रिया येते का, हे वेगळं तपासावं लागतं. सहा महिन्यांखालच्या बाळांच्या बाबतीत तर २२६ हर्ट्‌झचा आलेख पाणी असूनही फसवा चांगला येऊ शकतो, म्हणून त्यांच्यासाठी १००० हर्ट्‌झचा स्वर वापरतात. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असताना आलेख निर्दोष आला, तर निश्चिंत न होता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं: बिघाड आतल्या कानाचा असू शकतो आणि त्यावरचे स्टेरॉइड लवकर सुरू केले तरच गुणाची आशा अधिक असते.