भांग उतरली असं वाटतं तेव्हा

महाशिवरात्रीला सिल्वासाजवळ बिंद्राबिनला, साकरतोड नदीकाठच्या ताडकेश्वर महादेवाच्या दर्शनाला रीघ लागते. याच दिवशी देशभर अनेक घरांत दुधात घोटलेली भांग देवाचा प्रसाद म्हणून घेतली जाते. प्रसाद म्हटल्यावर तिच्या मात्रेचा विचार फारसा कुणी करत नाही. १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यानेही गांजाच्या व्याख्येत झाडाचा फुलोरा धरला आणि ज्यांची भांग होते ती नुसती पानं बाहेर ठेवली. मेंदूच्या लेखी मात्र दोन्हींत एकच रसायन असतं, टीएचसी. फरक पडतो तो प्रमाणाचा, आणि ते शरीरात कुठल्या वाटेने शिरलं याचा.

चिलमीतला धूर काही मिनिटांत डोक्यात पोचतो. त्याचा मुख्य अंमल साधारण दोन ते चार तास टिकतो. भांगेची वाट लांबची. ती पोटातून यकृतात जाते, तिथे टीएचसीपासून मेंदूत सहज शिरणारं आणखी एक मादक रसायन तयार होतं, आणि परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. तासाभराने “काहीच चढली नाही” म्हणून दुसरा पेला घेणारे इथेच फसतात. दोन्ही पेले एकदम चढतात आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त, उतरत नाहीत.

या तासांत स्मृतीचं काय होतं? लोक म्हणतात, नशेत माणूस सगळं विसरतो. तसं होत नाही. गावाचं नाव, आईचा आवाज, घराचा रस्ता जागेवरच असतात. बिघडतं ते नव्या गोष्टीची नोंद होणं. बोलणारा वाक्याच्या मध्यावर येतो आणि सुरुवात कशाने केली होती ते त्याला सापडत नाही. मोजलेल्या नोटा पुन्हा मोजाव्या लागतात. दहा मिनिटं अर्ध्या तासासारखी लांबतात.

याचं कारण मेंदूतच आहे. टीएचसीची रचना १९६४मध्ये इस्रायलमध्ये रॅफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. ते मेंदूत कुठे चिकटतं, ती ग्राहक-जागा १९८८मध्ये सापडली. १९९२मध्ये त्या जागेसाठी मेंदू स्वतःच बनवतो ते रसायन मिळालं, आनंदामाइड. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते त्या यंत्रणेचं काम. संदेश घेणारी चेतापेशी अशी रसायनं उलट दिशेने सोडून पाठवणाऱ्या पेशीला “आता पुरे” असं कळवते. हा ब्रेक नेमक्या त्या जागी, क्षणभरच लागतो, कारण हे रसायन लगेच मोडलं जातं. टीएचसी तसं मोडत नाही. ते असा ब्रेक एकाच वेळी सगळीकडे आणि तासन् तास दाबून धरतं. नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये आणि एका वेळी चार गोष्टी ध्यानात धरणाऱ्या कपाळामागच्या भागात या ग्राहक-जागा दाट आहेत.

आणखी एक गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठाच्या २०२०च्या प्रयोगात टीएचसी घेतलेल्यांनी कधीच न पाहिलेल्या गोष्टीही पाहिल्याचं सांगितलं. आठवणीत नुसतं भोकच पडतं असं नाही. तिथे खोटी आठवणही येऊन बसू शकते. अपघातानंतर जबाब घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवं.

सिल्वासा कारखान्यांचं गाव आहे. मसाट, राखोली, नारोली, खडोली इथे पाळ्या रात्रंदिवस चालतात, आणि सुताच्या किंवा प्लॅस्टिकच्या मशीनपुढे लक्ष आणि हाताची चपळाई दोन्ही लागतात. कॅलिफोर्नियात गांजा नियमित ओढणाऱ्या १९१ जणांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसवून तपासलं गेलं. निष्कर्ष २०२२मध्ये छापून आले. ओढल्यानंतर दीड तासाने त्यांच्यातल्या अनेकांना आपण गाडी चालवायला तयार आहोत असं वाटू लागलं होतं. चाचणीत मात्र त्यांची कामगिरी तेव्हाही ढासळलेलीच होती. ती सावरायला साडेचार तासांपर्यंत वेळ गेला. ही ओढलेल्याची गोष्ट. प्यायलेल्या भांगेचा अंमल याहून लांबतो, म्हणून दुपारी चारला पेला घेतलेल्याने रात्रपाळीला जाताना किंवा खानवेलच्या वळणांवर बाइक काढताना “आता उतरली” या स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये. अंदाज बांधणारा मेंदूही त्याच अंमलाखाली असतो.