मोजणीतून निसटलेले स्पंद

मोजणे म्हणजे एकामागून एक अंक म्हणणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु मोजावयाच्या वस्तू अनियमितपणे येऊ लागल्या म्हणजे ती अपुरी पडते. किरणोत्सर्गी पदार्थातून निघणारे कण याच जातीचे होत. हान्स गायगर व वाल्टर म्युलर यांनी १९२८ साली सिद्ध केलेल्या नळीत कण शिरला की विजेचा एक स्पंद उमटतो व जोडलेले मंडल त्याची नोंद करते. मात्र त्यानंतर पुन्हा सज्ज होण्यास नळीला सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग, लागतो. या अवधीस आम्ही ‘मृतकाल’ म्हणू. त्यात आलेला कण नोंदला जात नाही.

दर सेकंदास ५,००० स्पंद समान अंतराने आले, तर एकही सुटणार नाही. तेच यदृच्छया आले, तर सुमारे एकतृतीयांश निसटतात. याचे कारण असे की, मागचा कण केव्हा गेला याची पुढच्या कणास दाद नसते. त्यामुळे दोन कणांमधील लहान अंतरेच अधिक आढळतात. म्हणून यंत्राची गणनक्षमता ठरविताना केवळ सरासरी वेग पाहून भागत नाही.

हानीची भरपाई मात्र साध्या त्रैराशिकाने होते. समजा, सेकंदास ३,३३३ स्पंद नोंदले गेले. प्रत्येकामागे सेकंदाचा दहा हजारावा भाग गेला. म्हणजे एकूण एकतृतीयांश सेकंद यंत्र आंधळे होते. उरलेल्या दोनतृतीयांश सेकंदात ३,३३३, तर पूर्ण सेकंदात ५,०००.

आकडे फिरविणारी यांत्रिक नोंदणी तर नळीहून कितीतरी मंद. केंब्रिजच्या विन-विल्यम्स यांनी १९३२ साली यावर तोड काढली. त्यांच्या मंडलाचा प्रत्येक टप्पा दोन स्पंदांमागे एकच पुढे सोडी. असे पाच टप्पे जोडले की ३२ स्पंदांमागे एक नोंद होते. शिवाय ३२ अंतरांची बेरीज झाल्याने नोंदींमधील अनियमितपणाही बराच निवळतो. नळीचा मृतकाल मात्र याने टळत नाही.

हे ध्यानी न घेतल्यास अनर्थ ओढवू शकतो. अतितीव्र किरणांत काही नळ्यांना सावरण्यास उसंतच मिळत नाही. स्पंद क्षीण होतात आणि काटा चढण्याऐवजी उतरतो. जेथून माणसाने तत्काळ दूर व्हावे, तेथेच यंत्र शांततेची ग्वाही देते. म्हणून विद्यार्थ्यांस गणकयंत्र दाखविताना आकडा वाचावयास शिकविणे पुरेसे नाही; यंत्र कोठवर विश्वासास पात्र आहे, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे.