ओटचा मुरघास

ओट, सातू, गहू आणि गहू-रायच्या संकरातून आलेले ट्रिटिकेल ही थंडीत वाढणारी पिके दाणे पक्व होण्याआधीच कापून, कुट्टी करून हवाबंद ठेवली, की त्यांचा मुरघास होतो. महाराष्ट्रात मुरघास म्हटले की मकाच आठवतो. पण रब्बीत चाऱ्यासाठी ओट हे उत्तम पीक आहे. ‘केंट’ हा त्याचा जुना वाण. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले हरिता’ आणि ‘फुले सुरभी’ हेही वाण उपलब्ध आहेत.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. हेक्टरी सुमारे १०० किलो बियाणे लागते. साधारण ५० ते ६० दिवसांनी जमिनीपासून ८-१० सेंटीमीटर वर पहिली कापणी करून तो चारा हिरवाच घालता येतो. इतका बुडखा राखला तर फुटवे जोमाने येतात आणि दुसरी कापणी मुरघासासाठी उरते.

मुरघासाचा कस मुख्यतः कापणीच्या वेळेवर ठरतो. कणीस अजून पानाच्या आवरणात असते, त्या पोटरीच्या अवस्थेत प्रथिने भरपूर आणि पचनीयता उत्तम असते. मात्र वजन कमी भरते आणि पाणी फार असते. दाणा चिकातून पुढे जाऊन मऊ पिठाळ झाला की एकूण चारा आणि पिष्ट वाढते, प्रथिने घटतात. दुभत्या गाईंसाठी पोटरीचा, तर कालवडी आणि भाकड जनावरांसाठी पिठाळ दाण्याचा चारा जास्त योग्य. राय मात्र लवकर जून होते, तिच्यासाठी थांबणे महागात पडते. सातू किंवा ट्रिटिकेल घ्यायचे तर बिनकुसळी वाण निवडावा. कुसळे जनावरांच्या तोंडात टोचतात.

पोटरीतला ओट कापून लगेच भरू नये. त्यात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असू शकते. असा चारा भरला तर रस गळून पोषक द्रव्ये वाहून जातात आणि ब्युटिरिक आम्ल तयार करणारे जिवाणू माजून उग्र वास सुटतो. काही तास उन्हात सुकवून पाणी ६५ ते ७० टक्क्यांवर आणावे. कुट्टी मुठीत अर्धा मिनिट दाबून पाहावी. पाणी ठिबकले तर ती ओली. गोळा हात न भिजवता हळूहळू सुटला तर योग्य. लगेच विस्कटला तर फार सुकलेली.

या पिकांची खरी अडचण त्यांच्या पोकळ काडीत आहे. काडीतली हवा आत राहिली की बुरशी धरते, म्हणून कुट्टी सुमारे एक सेंटीमीटरची, मक्यापेक्षा बारीक हवी. खड्ड्यात पातळ थर देत प्रत्येक थर तुडवून किंवा ट्रॅक्टरने दाबून घट्ट करावा. पिशवीतही हाच नियम. भरणे शक्यतो एका दिवसात संपवून वरून प्लॅस्टिक आणि वजन ठेवावे. हवा संपल्यावर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू चाऱ्यातली साखर वापरतात, सामू ४ च्या आसपास उतरतो आणि कुजणे थांबते. आम्लतेच्या याच तत्त्वावर चारा टिकवण्याची पद्धत शोधल्याबद्दल फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

साधारण ४५ दिवसांनी मुरघास काढता येतो. तोंड एकाच बाजूने उघडून रोज सलग थर घ्यावा, नाहीतर हवा शिरून उरलेला माल तापतो. बुरशी धरलेला भाग फेकून द्यावा. जनावराला सुरुवातीला रोज चार-पाच किलो देऊन आठवडाभरात प्रमाण वाढवावे. हिवाळ्यात भरलेला हा साठा एप्रिल-मेच्या चाराटंचाईत उपयोगी पडतो.