जुन्या भुलीचे नवे काम

रायपूर हे छत्तीसगढ राज्याच्या राजधानीचे शहर होय. इ. स. १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. पुढे तो मध्य प्रांतात व नंतर मध्य प्रदेशात गेला, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले. शहरात १९६३ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही कार्य करीत आहे. मोठ्या रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत जी औषधे सामान्यतः हाताशी ठेवलेली असतात, त्यांत केटामाइन हे भुलीचे औषध असते. भूलतज्ज्ञांना अर्धशतकाहून अधिक काळ परिचित असलेल्या या औषधाने गेल्या पंचवीस वर्षांत मानसोपचाराच्या क्षेत्रातही प्रवेश केला आहे. ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे रुग्णाला जितके आवश्यक आहे, तितकेच त्याच्या घरच्यांनाही आहे.

केटामाइन १९६२ साली कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञांनी पार्क-डेव्हिस या अमेरिकी औषध कंपनीसाठी तयार केले. त्यापूर्वीचे फेन्सायक्लिडीन हे औषध भूल चांगली देई. परंतु शुद्धीवर येताना रुग्ण दीर्घकाळ भ्रमिष्टासारखे वागत. केटामाइनचा अंमल त्या मानाने थोडा वेळ टिके. १९६४ साली मानवावर त्याचे पहिले प्रयोग झाले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. रुग्णाचे डोळे उघडे असत, श्वास चालू असे. पण वेदना त्याच्यापर्यंत पोहोचत नसे आणि आपण शरीरापासून वेगळे होऊन तरंगत आहोत, असे त्याला वाटे. अमेरिकेत १९७० साली या औषधाला परवानगी मिळाली. श्वसन व रक्तदाब बहुधा खचू न देता भूल देणारे हे औषध, जेथे यंत्रसामग्री अपुरी असते तेथे फारच उपयोगी ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला, तो याच कारणाने.

आता नैराश्यविकाराकडे वळू. दुःखद प्रसंगी मन खिन्न होणे हा विकार नव्हे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ उदासी हटत नाही, कशातच रस वाटत नाही, झोप व भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते आणि रोजची कामे होईनाशी होतात, तेव्हा त्यास नैराश्यविकार म्हणतात. त्यावरील गोळ्या १९५०च्या दशकापासून उपलब्ध होत गेल्या. त्या उपयोगी आहेत, आणि आजही उपचाराचा पाया त्याच आहेत. मात्र त्यांचा गुण दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. शिवाय काही रुग्णांना एकामागून एक दोन औषधे, पुऱ्या मात्रेत व पुरेसा काळ देऊनही आराम पडत नाही. अशा आजाराला उपचारास दाद न देणारे नैराश्य म्हणतात.

ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत, त्याला सहा आठवडे हा काळ फार मोठा आहे. छत्तीसगढच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात दर लाख लोकसंख्येमागे १२.४ आत्महत्यांची नोंद झाली, तर छत्तीसगढमध्ये हे प्रमाण २८.२ होते. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्यविकारच असतो असे नाही. आजारपण, व्यसन, कर्ज, घरातील कलह अशी अनेक कारणे एकत्र येतात. तरीही संकटाच्या त्या दिवसांत त्वरित आराम देणारा उपचार हाती असला, तर काही जीव वाचू शकतील, या आशेने शास्त्रज्ञ केटामाइनकडे वळले.

इ. स. २००० मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी अवघ्या सात रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. भुलीच्या मात्रेहून पुष्कळ कमी केटामाइन दिल्यावर त्यांची उदासी काही तासांत ओसरू लागल्याचे आढळले. २००६ साली त्याच देशाच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, उपचारास दाद न देणाऱ्या अठरा रुग्णांवर प्रयोग केला. केटामाइन दिलेल्यांपैकी ७१ टक्के रुग्णांना एका दिवसात स्पष्ट उतार पडला. पण आठवड्याअखेर तो टिकून राहिलेले रुग्ण ३५ टक्केच होते. या दोन आकड्यांत या उपचाराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा अशी दोन्ही सामावलेली आहेत.

हा गुण येतो कसा? मेंदूतील चेतापेशी परस्परांशी रासायनिक द्रव्यांच्या द्वारे संपर्क साधतात. जुनी औषधे मुख्यतः सेरोटोनिन व नॉरअॅड्रेनॅलिन या द्रव्यांवर परिणाम करतात. केटामाइनचा मार्ग निराळा आहे. ग्लुटामेट हे मेंदूतील चेतना वाढविणारे प्रमुख द्रव्य आहे. ते ज्या ग्राहींवर कार्य करते, त्यांपैकी एनएमडीए नावाचे ग्राही केटामाइन काही काळ अडविते. त्यानंतर ज्या घडामोडी होतात, त्यांमुळे चेतापेशींमधील क्षीण झालेले दुवे पुन्हा वाढू लागतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. या प्रक्रियेच्या सर्व पायऱ्यांविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत झालेले नाही.

शेतीतील उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल. पावसाच्या चांगल्या सरीनंतर जमिनीला वाफसा येतो. त्या वेळी पेरणी झाली तर पीक उभे राहते. ती वेळ टळली तर जमीन पुन्हा कडक होते. केटामाइन मनाला असा वाफसा आणते. पेरणी मात्र दुसऱ्या उपचारांनी करावी लागते: नियमित गोळ्या, तज्ज्ञाशी संभाषण, झोप व कामाची घडी, आणि घरच्या माणसांची साथ. केवळ एका सुईने आजार गेला असे समजून पुढील उपचार सोडणारा रुग्ण थोड्याच दिवसांत पूर्वस्थितीला येण्याचा संभव असतो.

उपचाराची रीत साधारण अशी आहे. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम या प्रमाणात औषध शिरेवाटे सुमारे चाळीस मिनिटांत हळूहळू सोडले जाते. पुष्कळ ठिकाणी आठवड्यातून दोनदा, याप्रमाणे काही आठवडे हा क्रम चालतो. त्या काळात रक्तदाब वाढू शकतो, मळमळ होते, आजूबाजूचे जग दूर गेल्यासारखे वाटते. बहुतेकांत हे परिणाम एकदोन तासांत ओसरतात. म्हणून नाडी, रक्तदाब व श्वसन यांवर सतत लक्ष ठेवावे लागते, आणि त्या दिवशी रुग्णाने वाहन चालवायचे नसते. अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांना तसेच भ्रम व भास होणाऱ्या मनोविकाराच्या रुग्णांना हा उपचार सामान्यतः दिला जात नाही.

येथे धोक्याचाही विचार केला पाहिजे. नशेसाठी केटामाइन वारंवार घेणाऱ्यांच्या मूत्राशयास गंभीर इजा होते आणि त्याची सवय जडू शकते. अमेरिकी अभिनेते मॅथ्यू पेरी यांचा ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्यू झाला, तेव्हा केटामाइनचे तीव्र परिणाम हे त्याचे मुख्य कारण असल्याचा निष्कर्ष शवचिकित्सेतून निघाला. ते नैराश्यासाठी वैद्यकीय देखरेखीखाली हा उपचार घेत होते. परंतु मृत्यूस कारण झालेले औषध त्या उपचारातील नव्हते. औषध तेच, देखरेख सुटली की ते घातक ठरते, हा त्यातील बोध.

भारतात २०११ साली केटामाइन अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले, आणि २०१३ साली ते औषध नियमांच्या अनुसूची ‘एक्स’मध्ये घालण्यात आले, त्यामुळे त्याच्या विक्रीवर व साठ्यावर कडक निर्बंध आहेत. हे निर्बंध किती असावेत, हा प्रश्नही नाजूक आहे. २०१५ साली चीनने केटामाइनवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आणण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने त्यास विरोध केला. गरीब देशांतील शस्त्रक्रिया अडतील, अशी भीती त्यामागे होती. नशाबाजी रोखताना गरजू रुग्णाचे औषध हिरावले जाऊ नये, हा समतोल राखावाच लागतो.

रायपूरच्या परिसरातील वस्तुस्थिती पाहता या उपचाराचे स्थान अधिक नेमके ठरविता येते. बस्तरमधील जगदलपूर रायपूरहून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. तेथील शेतमजुराने आठवड्यातून दोनदा राजधानीस यावे, सोबत घरचा एक माणूस आणावा आणि दोघांची मजुरी बुडवावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. कित्येक कुटुंबे प्रथम गावातील बैगा किंवा गुनियाकडे जातात आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो बराच काळ लोटलेला असतो. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यांत छत्तीसगढ होते. देशात नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे पंच्याऐंशी उपचाराविना राहतात, असे त्यातून दिसून आले. म्हणजे बहुसंख्यांचा आजार औषधाला दाद देत नाही असे नव्हे. त्यांना पहिले औषधच मिळालेले नसते.

या दृष्टीने, निम्हान्सच्या साहाय्याने छत्तीसगढमधील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना दूरसंपर्काद्वारे मनोविकारांचे प्रशिक्षण देण्याचा जो उपक्रम झाला, त्याचे मोल मोठे आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणीही विनामूल्य बोलू शकतो. गावातील आरोग्य केंद्रात नैराश्य ओळखले गेले, साधी गोळी वेळेवर मिळाली, आणि जो थोड्यांचा आजार तिला जुमानत नाही त्यांना मोठ्या रुग्णालयात नीट पोहोचविले गेले, तरच केटामाइनसारख्या उपचाराला अर्थ येतो. त्या साखळीविना तो पैसेवाल्यांपुरता राहील.

तेव्हा कुटुंबीयांनी कोणते प्रश्न विचारावेत? आधीची औषधे पुऱ्या मात्रेत व पुरेसा काळ दिली होती काय. मानसोपचारतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ दोघेही उपचारात आहेत काय. सुई दिल्यावर रुग्णाजवळ कोण बसणार. आणि शेवटच्या सुईनंतर पुढे काय योजिले आहे. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. केटामाइन रुग्णाला काही दिवसांची उसंत मिळवून देते. त्या दिवसांचे सोने करणे हे मात्र त्याच्याभोवतीच्या माणसांच्या हाती असते.