हत्याराचा जिम्मा

कार्ल्याच्या चैत्यगृहात कोरलेल्या दानलेखांत श्रेष्ठी, महारठी, भिक्षू आणि यवन अशा नानाविध दात्यांच्या पंक्तीला एक सुतारही मानाने बसला आहे : धेनुकाकटाचा रहिवासी, वेणुवासाचा पुत्र सामी. लेण्याच्या द्वाराचे काम त्याच्या नावावर नोंदलेले आहे. या गोष्टीला सुमारे दोन हजार वर्षे लोटली, तरी चैत्याच्या छतातल्या सागवानी कमानी अद्याप शाबूत आहेत, आणि त्यांच्याकडे मान वर करून पाहणाऱ्या प्रवाशाच्या मनात कलेविषयी, धर्माविषयी, राजाश्रयाविषयी पुष्कळ विचार येतात. परंतु ज्या टाकीने हा डोंगर पोखरला तिची धार रोज कोण पाहत असेल, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. सह्याद्रीचा हा काळा कातळ असा कठीण, की त्याच्यावर चाललेली पोलादी टाकी थोडक्याच वेळात बोथट व्हावी. म्हणून जेथे पाथरवट डोंगराला भिडलेले, तेथे हाकेच्या अंतरावर भाता आणि ऐरण मांडून बसलेला लोहार असणे क्रमप्राप्तच होते. त्याने टाकीचे टोक तापवावे, ठोकून निमुळते करावे आणि बेताचे पाणी द्यावे. पाणी कमी पडले तर टोक मुडपते, जास्त झाले तर त्याची ठिकरी उडते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असे आपण पिढ्यानुपिढ्या दगडाची बाजू घेऊन म्हणत आलो. टाकीच्या वतीने मात्र कोणी चकार शब्द काढलेला नाही.

कार्ल्याच्या पायथ्यापासून पुण्याच्या दिशेने निघाले की कामशेत, वडगाव ओलांडून आपण तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत येतो, आणि तेथे प्रत्येक फाटकावर सुरक्षिततेची महती सांगणारा फलक दिसतो. दरवर्षी ४ मार्चला, म्हणजे १९६६ साली राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली त्या तिथीला, कामगार रांगेत उभे राहून शपथ घेतात. या उपचाराला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्यामागे एक समजूत दडलेली असते ती तपासून पाहिली पाहिजे. अपघात म्हणजे कामगाराचे क्षणभर चुकलेले अवधान, अशी ती समजूत. वस्तुतः हातावर बसणारा घाव पुष्कळदा आठवडाभर आधीच हत्यारात येऊन बसलेला असतो, आणि त्याला ज्या हाताने पोसले तो हात बहुधा जखमी होणाऱ्याचा नसतो.

छिन्नीचेच पाहा. तिच्या डोक्यावर हातोड्याचे ठोके बसून बसून लोखंड पसरते आणि कडा फुलाच्या पाकळ्यांसारख्या बाहेर वळतात. ही वळलेली कड ठोक्याबरोबर तुटते आणि बंदुकीच्या छऱ्याच्या वेगाने सुटते. ज्याने वेळच्या वेळी ग्राइंडरवर धरून ती कड उतरवली असती, त्याला फार तर पाच मिनिटे लागली असती. हातोड्याचा दांडा उन्हाळ्यात सुकतो, आकसतो, आणि डोके किंचित खेळू लागते. जाणता गडी पाचर ठोकून किंवा दांडा बदलून घेतो, आणि अडाणी गडी त्यात खिळा मारून वेळ निभावतो. असा खिळा लाकूड फोडतो, आणि एके दिवशी डोके दांड्यावरून निघून समोरच्या माणसाकडे जाते. कानशीची गोष्ट त्याहून साधी आहे. तिची शेपटी टोकदार असते; मूठ हरवली म्हणून ती तशीच तळहातात धरून घासायला लागावे, आणि कानस अडकून हात पुढे सरकला की ती शेपटी तळव्यात शिरावी, हा प्रकार शिकाऊ फिटरांच्या पहिल्या महिन्यात घडण्याजोगा आहे. म्हणून चांगला निदेशक पहिल्याच दिवशी मुठीवाचूनची कानस हातात घेऊ देत नाही, आणि तिच्या दात्यांत अडकलेला कीस तारेच्या ब्रशाने काढल्यावाचून ती परत घेत नाही.

धारदार हत्याराची भीती सर्वांना वाटते. बोथटाची वाटत नाही, आणि खरा घात तेथेच होतो. धार असलेली पटाशी लाकडात सहज उतरते, मनगट ताब्यात राहते. बोथट पटाशीवर सगळ्या देहाचा भार टाकावा लागतो, आणि तो भार सटकला की आवरत नाही. भात कापणाऱ्या बाईला हे सांगावे लागत नाही. मावळात कापणीच्या दिवसांत बोथट विळ्याने जी मूठभर रोपे एका हिसक्यात तुटत नाहीत ती दुसऱ्या हिसक्यात तुटतात, आणि त्या दुसऱ्या हिसक्यालाच डाव्या हाताचे बोट मध्ये येते. तिला ठाऊक असते म्हणून ती बांधावर बसून विळा आधी पाजवून घेते, मग वाफ्यात उतरते.

हे ज्ञान येथे नवे नाही. परंतु पूर्वी ते केवळ ज्ञान नव्हते, त्याचा जिम्मा कोणाच्या तरी नावावर लिहिलेला होता. गावगाड्यात सुतार आणि लोहार हे बलुतेदार; मृगाच्या आधी नांगर, जू, पाभर नीट करून देणे, फाळ पाजवणे, विळ्या-खुरप्यांना धार लावणे हे त्यांचे वतनी कर्तव्य, आणि त्याबद्दल खळ्यावर भाताचा ठरलेला वाटा हा त्यांचा हक्क. या व्यवस्थेतला जातीचा जाच मी विसरत नाही, आणि ती परत यावी असे म्हणण्याचा वेडेपणाही करीत नाही. पण एवढे खरे, की फाळ बोथट राहिला तर कोणाच्या दारात जायचे हे कुणब्याच्या पोरालाही माहीत असे. जवळच्या लोहगडासारख्या किल्ल्यावरही हीच दृष्टी होती. मराठी अमलात गडावर हवालदार आणि सबनीस यांच्या बरोबरीने कारखानीस हा स्वतंत्र अधिकारी असे. धान्य, दारूगोळा आणि सरंजाम यांची राखण व जमाखर्च त्याच्याकडे. शिबंदीतल्या माणसाने वस्तू वापरायची, पण ती आहे की नाही आणि धड आहे की नाही याचा जाब कारखानिसाने द्यायचा.

हा धागा तुटला तो घाटात. १८५६ साली बोरघाटाच्या लोहमार्गाचे काम सुरू झाले. जेम्स बर्कली या अभियंत्याने आखलेला तो मार्ग १८६३ साली खुला झाला तेव्हा त्यात २५ बोगदे होते, आणि १८६१ च्या सुमारास ४०,००० हून अधिक माणसे त्या कामावर राबत होती. पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले, दुसरा सॉलोमन ट्रेडवेल मुंबईस उतरल्यावर अल्पावधीतच वारला, आणि ते प्रचंड काम त्याची विधवा ॲलिस हिने आपल्या नावावर घेऊन माणसे नेमून तडीस नेले. त्या बाईच्या धैर्याला इतिहासाने अजून पुरते माप घातलेले नाही. पण घण आणि पहार चालवणारा मजूर मुकादमाचा, मुकादम पोटकंत्राटदाराचा आणि पोटकंत्राटदार कंत्राटदाराचा, अशा उतरंडीत हत्यार बोथट झाल्याचा दोष कोणाच्या पदरी घालायचा? १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून दंगा उसळला, चौकशी झाली, आणि १८६० चा ९ वा कायदा आला. तो मजुरीच्या तंट्यांचा निवाडा करणारा होता. हत्याराच्या स्थितीविषयी तंटा होऊ शकतो, ही कल्पना त्या वेळच्या सरकारला सुचण्याजोगी नव्हती.

ती कायद्यात यायला बराच काळ जावा लागला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांना कुंपण, डोळ्यांना संरक्षण, आणि चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याला अंगाला घट्ट बसणारा पोशाख कारखानदारानेच पुरवावा इथपर्यंत तपशील सांगितला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, यंत्रसामग्री व कामाची पद्धत सुरक्षित स्थितीत राखणे हे मालकाचे सर्वसाधारण कर्तव्य म्हणून त्यात घातले गेले. सुरक्षिततेसाठी दिलेल्या साधनात जाणूनबुजून ढवळाढवळ करू नये, हे कामगाराचे बंधन त्यात आधीपासूनच होते. आज ही कलमे २०२० च्या संहितेत सामावली आहेत. म्हणजे कायद्याच्या दप्तरी जिम्मा पुन्हा वाटून दिलेला आहे. प्रश्न कारखान्याच्या जमिनीवरचा आहे.

तेथे काय दिसते? आधी एक चांगला नमुना पाहू. लोणावळ्याच्या डोंगरात, समुद्रापासून दूर, नौदलाची ‘शिवाजी’ ही अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था १९४५ पासून उभी आहे. लढाऊ नौकेचे इंजिन किंवा विमान सांभाळणाऱ्यांच्या जगात एक शिस्त रूढ आहे, तिचे अनुकरण कोणत्याही लहान वर्कशॉपला करता येईल : भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती रंगवून ठेवायची आणि काम संपल्यावर हत्यार आपल्या आकृतीवर परत टांगायचे. एक आकृती रिकामी दिसली तर यंत्र सुरू करायचे नाही, कारण तो पाना यंत्राच्या पोटात राहिलेला असू शकतो. याला पैसा लागत नाही. लागतो तो रंगाचा एक डबा आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेला एक माणूस.

औद्योगिक वसाहतीत मात्र पुष्कळ काम कंत्राटी मजुरांकडून करून घेतले जाते. सकाळच्या पाळीत आलेला मुलगा सामाईक पेटीतून ग्राइंडर उचलतो, तो काल कोणी वापरला आणि त्याचा गार्ड कोणी काढून ठेवला हे त्याला माहीत नसते, आणि परवा तो दुसऱ्याच कंपनीत असणार असतो. त्याला ‘हत्याराची काळजी घे’ म्हणून उपदेश करणे म्हणजे धर्मशाळेतल्या मुक्कामकऱ्याला कौले चाळायला सांगण्यासारखे आहे. त्याला शिकवण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्या शिकवल्याच पाहिजेत. ग्राइंडरचा दगड बसवण्यापूर्वी लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहावा; अखंड दगड खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. हत्यार टेकवण्याची पट्टी आणि दगड यांत सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा अधिक फट नसावी, नाहीतर काम त्या फटीत ओढले जाते. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू नयेत. मोजा संरक्षण करतो ही समजूत तेथे उलटी ठरते, कारण ड्रिल मोज्यासकट बोटे गुंडाळून घेते. पण या तीन गोष्टी पाळणाऱ्या मुलालाही सदोष ग्राइंडर परत देऊन दुसरा मागता आला पाहिजे, आणि त्या मागणीपायी त्याची हजेरी कापली जाता कामा नये.

हा अधिकार सर्वांत जास्त कोठे अडतो, तर जेथे हत्यारे सरकारी मालकीची असतात तेथे, म्हणजे सरकारी प्रशिक्षण संस्थांत. ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’ हे प्रकरण ज्याने पाहिले आहे त्याला हे लगेच उमगेल. हातोडा विकत घेतला की तो त्या वहीत चढतो. चढवायला एक सही पुरते, उतरवायला मात्र निर्लेखनाचा प्रस्ताव, पाहणी, मंजुरी आणि लिलाव एवढी साखळी लागते. तोवर दांड्याला चीर गेलेला हातोडा वहीत शिल्लक आणि म्हणून कपाटातही शिल्लक, आणि जो कपाटात आहे तो बारा वर्षे राबलेल्या मास्तराच्या नव्हे तर काल दाखल झालेल्या पोराच्याच हाती पडतो, कारण मास्तर आपला हातोडा वेगळा कुलूपबंद ठेवतो. काही ठिकाणी निदेशक यावर तोडगा काढतात : चीर गेलेल्या दांड्यावर तांबड्या रंगाचा पट्टा ओढायचा आणि ते हत्यार निर्लेखन होईपर्यंत वेगळ्या पेटीत घालून किल्ली स्वतःकडे ठेवायची. हिशेब तपासनीस आला की ती पेटी उघडून दाखवायची. नग वहीबरहुकूम भरतात, आणि कोणाच्या हातात ते जात नाहीत.