खडकीहून समुद्र किती लांब?

सकाळी दुधाची पिशवी फोडताना आपण तिचा एक कोपरा कात्रीने कापतो. नखाएवढा तिकोनी तुकडा. तो ओट्यावर पडतो, ओट्यावरून मोरीत जातो, आणि पुढे त्याचं काय होतं हे घरात कुणीच विचारत नाही. परवा होळकर पुलावर उभा होतो. खाली मुळेचं काळसर पाणी आणि त्यावर जलपर्णीची हिरवी गादी. त्या गादीच्या कडेला शाम्पूच्या पुड्या, निर्माल्याची पिशवी, आणि नीट पाहिलं तर तेच पांढरे तिकोनी कोपरे. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. खडकीहून समुद्र किती लांब?

नकाशावर पट्टी ठेवली तर पश्चिमेला सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. सकाळी गाडी काढली तर दुपारच्या जेवणाला अलिबाग. पण नदी पट्टीने चालत नाही. मुळा सह्याद्रीत मुळशीच्या बाजूला उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. त्यातही एक गंमत आहे. मुळशीचं धरण टाटांनी विजेसाठी बांधलं, ज्याच्याविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह उभारला तेच हे धरण. त्या तलावातलं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात कोसळतं, कुंडलिकेत उतरतं आणि रेवदंड्याशी अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे मुळशीच्या एकाच डोंगरावर शेजारी शेजारी पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक अरबी समुद्रात जातो आणि दुसरा खडकीवरून बंगालच्या उपसागराकडे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी नकाशा दोनदा तपासून पाहिला होता.

आपला कोपरा या दुसऱ्या थेंबाबरोबर निघतो. दुधाची पिशवी ज्या प्लास्टिकची असते ते पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे तो बुडत नाही. दापोडीला पवनेचं पाणी पोटात घेऊन आलेली मुळा त्याला होळकर पुलाखालून संगमावर नेते. तिथे मुठा भेटते. रांजणगाव सांडसजवळ मुळामुठा भीमेत शिरते. मग दौंड, आणि पुढे उजनीचा अथांग जलाशय, जिथे भिगवणला रोहित पक्षी पाहायला आपण दुर्बिणी घेऊन जातो. पंढरपुरात याच पाण्याला चंद्रभागा म्हणून आपण हात जोडतो. तिथून कर्नाटक, रायचूरच्या बाजूला कृष्णेशी भेट, मग जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, आणि शेवटी हंसलदीवीच्या आसपास खारफुटीतून वाट काढत बंगालचा उपसागर. हजाराहून अधिक किलोमीटरचा प्रवास! आणि त्या शेवटच्या किनाऱ्यावर, कृष्णेच्या मुखापाशी, ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात.

आता खरं तेच सांगायला हवं. खडकीत नदीत पडलेला प्रत्येक तुकडा समुद्र गाठत नाही. बहुतेक काठावरच्या झुडपांत, बंधाऱ्यांच्या मागे, उजनीच्या गाळात अडकतात. पण अडकणं म्हणजे संपणं नव्हे. ऊन त्यांना ठिसूळ करतं, एकाचे दहा होतात, दहाचे हजार, आणि वाळूच्या कणाएवढे झालेले हे तुकडे पुराच्या पाण्याबरोबर धरणाच्या दारांतूनही निसटतात. समुद्रात पोचलेल्या प्लास्टिकवर शेवाळ आणि सूक्ष्मजीव वस्ती करतात. कासव पिशवीला जेलीफिश समजून खातं, म्हणजे त्याचे डोळे फसतात, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने त्यात नाकाची भर घातली. टाकीतल्या लॉगरहेड जातीच्या कासवांना स्वच्छ प्लास्टिकचा वास दिला, तेव्हा त्यांनी त्याची दखलही घेतली नाही. काही आठवडे समुद्रात भिजलेल्या प्लास्टिकचा वास दिला, तर अन्नाचा वास आल्यावर जशी नाकपुडी पाण्यावर धरून ती हुंगत राहतात तशीच हुंगत राहिली. समुद्र आपल्या कचऱ्याला जेवणाचा वास देतो. मोरीत वाहून गेलेला कोपरा तिथे ताटात वाढला जातो.

या प्रवासाच्या आरंभी, मुळेच्या काठावर, कोण राहतं ते पाहा. खडकी म्हणजे छावणी. १८१७ ची लढाई, १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, आणि बॉम्बे सॅपर्स, म्हणजे आपल्या तोंडी ‘बीईजी’. सॅपर म्हणजे सैन्यातला अभियंता जवान. पूल बांधणं, सुरुंग काढणं, सैन्याला पाणी पुरवणं हे त्याचं काम. इंजिनिअर्सच्या दलाचं ब्रीदवाक्य एका शब्दाचं आहे: ‘सर्वत्र’. या माणसांचं पाण्याशी नातं रोजचं आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, वडिलांबरोबर विहिरी खोदणारा दुष्काळी गावचा मुलगा, २०१२ मध्ये याच बीईजीत भरती झाला, इथे त्याच्या हाती वल्हं आलं, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव वल्हवत तो तेरावा आला. खडकीने त्याला पाणी दाखवलं असं मी म्हणेन.

पण सैन्य एकट्याने नदी राखू शकत नाही. छावणीची हद्द संपली की तिचा अधिकार संपतो, आणि नाला मात्र हद्द पाळत नाही. नागरिकही एकटे राखू शकत नाहीत, कारण उत्साह रविवारपुरता असतो. दोघांना जोडणारी एक संस्था आपल्या देशात १९४८ पासून आहे आणि तिचं मोल आपल्याला पुरेसं कळलेलं नाही. ती म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना, आपली एनसीसी. तिच्या अंगावर गणवेश सैन्याचा, शिकवायला येणारे जवान सैन्याचे, चालवणारं खातं संरक्षण मंत्रालय. पण कॅडेट मात्र आपल्याच घरातली शाळा-कॉलेजची मुलं, ज्यांच्यावर सैन्यात जाण्याचं कुठलंही बंधन नाही. कॉलेजातली त्यांची अधिकारीही कुणी मराठीची किंवा रसायनशास्त्राची बाई असते.

या एनसीसीने १ डिसेंबर २०२१ रोजी ‘पुनीत सागर अभियान’ सुरू केलं. आधी बेत साधा होता: समुद्रकिनाऱ्यावरच्या राज्यांतल्या कॅडेटांनी महिनाभर किनाऱ्यावरचं प्लास्टिक वेचायचं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की समुद्रातला कचरा समुद्रात जन्मत नाही, आणि अभियान वर्षभराचं झालं, नद्या-तलावांपर्यंत आत आलं. मला या सगळ्या उपक्रमातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. त्या एका निर्णयाने पुण्यासारखं डोंगराआडचं शहर सागराच्या नकाशावर आलं. मुळेच्या काठी हातमोजे घालून पुड्या वेचणारी मुलगी त्या क्षणापासून सागर अभियानातच असते. २२ सप्टेंबर २०२२ रोजी एनसीसीने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी करारही केला, तरुणांना प्लास्टिकचा प्रश्न शिकवण्यासाठी.

समुद्राच्या बाजूने हीच भागीदारी कशी दिसते ते पाहायचं तर ओडिशाला जावं लागेल. तिथे हिवाळ्यात लाखो ऑलिव्ह रिडली माद्या एकाच किनाऱ्यावर येतात. त्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ट्रॉलरचं जाळं. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं, जाळ्यात अडकलं की ते पाण्यात राहूनच गुदमरतं. म्हणून तटरक्षक दल १९८० च्या दशकापासून दर हंगामात ‘ऑपरेशन ऑलिव्हिया’ चालवतं. ज्या बोटी घुसखोर आणि तस्कर शोधतात, जी विमानं सागरी सीमा पाहतात, तीच कासवांसाठी गस्त घालतात. पण नुसती गस्त पुरत नाही. वन खातं, संशोधक, गावकरी आणि मच्छीमारांशी बोलणारे स्वयंसेवक यांच्याशिवाय हे काम किनाऱ्यावर उतरतच नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी सुमारे ६ लाख ९८ हजार कासवं अंडी घालायला आली, असा तटरक्षक दलाचा आकडा आहे. जवळजवळ सात लाख!

आणि आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. २०२१ च्या मार्चमध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या संशोधकांनी ओडिशाच्या गहिरमाथ्याला एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची छोटी पट्टी लावली, तिच्यावर एक क्रमांक. ती समुद्रात गेली. २०२५ च्या जानेवारीत कोकणात, गुहागरच्या वाळूवर, एक मादी अंडी घालायला आली. कासवमित्रांनी पाहिलं तर पायाला पट्टी! क्रमांक जुळला. तीच ती. देशाचं दक्षिण टोक ओलांडून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पोहून, ती पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला आली होती. दोन्ही किनाऱ्यांवरची कासवं वेगळी, असा समज होता. तो एका मादीने मोडला.

या कथेत किती हात आहेत ते मोजा. एका टोकाला गहिरमाथ्याचा समुद्र राखणारं सशस्त्र दल, मध्ये क्रमांक लिहून ठेवणारा शास्त्रज्ञ, दुसऱ्या टोकाला पहाटे टॉर्च घेऊन वाळू तुडवणारा गुहागरचा गडी. हा कोकणातला कासवमित्रही आकाशातून पडला नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासला अंडी राखायचं काम सुरू केलं, गावकऱ्यांना सोबत घेतलं, तेव्हा तो घडला. आणि मला राहून राहून वाटतं, खडकीचं पाणी मुळशीपासून पूर्वेला जातं, ती मादी पूर्वेकडून पुन्हा आपल्याच किनाऱ्यावर येते. दोघांचा समुद्र एकच आहे.

नौदलाने दिलेली एक भेटही सांगायला हवी. ‘आयएनएस गुलदार’ हे पोलंडमध्ये बांधलेलं, १९८५ साली नौदलात आलेलं जहाज. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवायचे हे त्याचं काम. जानेवारी २०२४ मध्ये ते निवृत्त झालं. असं जहाज एरवी भंगारात जातं. पण २०२५ मध्ये ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आलं, सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळावर ठेवण्यासाठी. का? कारण प्रवाळाच्या पिल्लाला बसायला टणक जागा लागते. मऊ वाळूवर त्याला पाय रोवता येत नाही. सुमारे ८० मीटर लांबीचं पोलाद म्हणजे त्याच्यासाठी आयती वसाहत: आधी शेवाळ, मग शिंपले, मग प्रवाळ, मग लहान मासे, आणि त्यांच्या मागून मोठे. अट एकच, आणि ती कडक पाळायला हवी. बुडवण्याआधी तेल, रंग, वायरी, सगळ्या विषारी वस्तू खरवडून काढलेल्या असल्या पाहिजेत. नाहीतर ते बेट नसून कचराच ठरेल.

पुन्हा खडकीला येतो. भारतीय सैन्यात पर्यावरणाचंच काम करणाऱ्या प्रादेशिक सेनेच्या तुकड्या आहेत. पहिली १९८२ मध्ये मसुरीच्या उघड्या डोंगरांवर झाडं लावायला उभी राहिली, आणि तिच्यात माजी सैनिक होते. महाराष्ट्रातही २०१७ पासून छत्रपती संभाजीनगरला अशी एक तुकडी आहे. प्रयागराजला तर गंगेसाठी खास तुकडी आहे, जी नदीकाठी गस्त घालते, झाडं लावते, लोकांशी बोलते. खडकी, दिघी, बोपोडी या पट्ट्यात निवृत्त जवानांची घरं ओळीने आहेत. पूल बांधलेले, पुरात बोटी हाकलेले, शिस्त अंगात मुरलेले हे लोक सकाळी मुळेच्या काठाने फिरायला जातात. एक दिवसाची स्वच्छता आणि एक दिवसाचा फोटो याने नदी बदलत नाही, हे मी ठामपणे म्हणेन. गंगेला जशी तुकडी मिळाली तशी मुळामुठेला मिळावी, तिच्यात हे माजी सैनिक असावेत आणि त्यांच्याबरोबर एनसीसीची मुलं. नाले अडवायचं काम महापालिकेचं आणि छावणी मंडळाचं आहे, ते त्यांनीच करायचं. पण रोज कुणीतरी नदीकडे पाहतं आहे, हे कळलं की नाल्याचाही हिशोब मागितला जातो.

तोवर आपल्या हातात कात्री आहे. उद्या सकाळी पिशवी फोडताना कोपरा पूर्ण कापू नका. अर्धी चीर द्या, दूध ओता, आणि तो तिकोन पिशवीलाच लटकू द्या. पिशवी धुऊन वाळवून भंगारवाल्याला दिली की तिच्याबरोबर कोपराही जातो.