एका नॅनोसेकंदाचा खुला आराखडा

जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत कणांना वेग देणारी यंत्रे कित्येक किलोमीटरांवर पसरलेली आहेत आणि त्यांतल्या उपकरणांची घड्याळे एकमेकांशी तंतोतंत जुळावी लागतात. २००८ च्या सुमारास सुरू झालेली 'व्हाइट रॅबिट' ही व्यवस्था ती एका नॅनोसेकंदाहूनही कमी फरकाने जुळवते. एवढ्या अवधीत प्रकाश काचतंतूतून जेमतेम २० सेंटिमीटर पुढे सरकतो! तापमान बदलले की तंतूतला संकेत किंचित मागेपुढे होतो. म्हणून दोन्ही टोके जाण्यायेण्याचा वेळ सतत मोजत स्वतःला दुरुस्त करत राहतात.

याहूनही थक्क करते ती हे सारे घडवण्याची रीत. अनेक देशांतल्या संस्था आणि कंपन्या एकाच आराखड्यावर काम करतात, आणि तो २००९ पासून चालत आलेल्या सर्नच्या खुल्या भांडारात कोणालाही पाहता येतो. चिपमधले तर्कमंडल मजकुराच्या रूपात लिहिले जाते. त्यामुळे प्रोग्रॅमप्रमाणेच कोणी, कधी, काय बदलले याची नोंद राहते आणि प्रत्यक्ष चिपवर चढवण्याआधी संगणकावर चाचणी होते.

सर्किट बोर्डाचे गाडे मात्र इथे अडत होते. बोर्ड आखण्याच्या महागड्या सॉफ्टवेअरच्या बंदिस्त फाइलींमुळे दोन अभियंत्यांनी केलेले बदल ओळीला ओळ लावून ताडता येत नसत. ज्याच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही, त्याला तर आराखडा उघडताही येत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी सर्नने २०१३ पासून 'किकॅड'ला हात दिला. हे मोफत साधन फ्रान्समधल्या झाँ-पियेर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केले होते. त्याच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात, आणि दोन तारांमधले अंतर कमी पडले किंवा एखादी जोडणी राहून गेली, तर संगणकच ते दाखवून देतो. ही तपासणी फार मोलाची आहे, कारण तांब्यात उतरलेली चूक कळफलकावरून पुसता येत नाही. बोर्ड नव्याने बनवायचा म्हणजे पुन्हा खर्च आणि पुन्हा वाट पाहणे.

खुल्या आराखड्याला परवानाही लागतो, पण सॉफ्टवेअरसाठी लिहिलेले परवाने वस्तूंना नीट लागू पडत नव्हते. म्हणून सर्नने २०११ मध्ये खुल्या हार्डवेअरचा स्वतंत्र परवाना तयार केला. त्याची दुसरी आवृत्ती २०२० मध्ये आली. या परवान्यामुळे सर्नबाहेरच्या कंपन्याही व्हाइट रॅबिटची उपकरणे बनवून विकू शकतात. आज चीनच्या सिचुआन प्रांतात ४,४०० मीटर उंचीवरची 'लासो' वेधशाळा आपल्या हजारो शोधयंत्रांच्या वेळा या व्यवस्थेने जुळवते.